‘आय सेव्हन आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: त्या नागपुरात मानेवाड्याकडे राहतात, एका खाजगी ऑफिसात नोकरी करतात, मुलगा आठवीत. मुलाला वाढदिवसाला गेमिंग पीसी हवाय. भिशीचे आणि साठवलेले मिळून ५५ हजार आहेत, त्याच्यावर एक रुपया नाही. घरी आत्ता मोबाइल आणि टीव्हीशिवाय काही नाही. मुलाने यूट्यूबवर बघून ८५ हजारांचा रेडी पीसी निवडलाय आणि म्हणतो जीटीए ६ हा गेम आला की तोच लागेल. मामाने ओळखीच्या दुकानातून २४ हजारांत ‘आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, फुल सेट’ ठरवून ठेवलाय. मुलाच्या बाबांचं म्हणणं, गेमिंग वगैरे काही नको, त्याच पैशात लॅपटॉप घ्या म्हणजे पुढे इंजिनीअरिंगलाही चालेल. ताई विचारतात, की असेंबल केलेलं बिघडतं असं ऐकलंय, तर कोणत्या कंपनीचा तयार गेमिंग पीसी घ्यावा? आणि मुलगा ‘पीसी दिला तर मोबाइल सोडतो’ म्हणतोय, त्यावर विश्वास ठेवावा का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात घरातली तिघं जणं तीन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत आणि तिघांचंही मुलावर प्रेम आहे हे स्पष्ट दिसतं. पण एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही, तुमचा मुलगा आज नेमके कोणते गेम खेळतो किंवा खेळणार आहे ती. जीटीए ६ चं नाव आहे, पण तो तर अजून आलाच नाही. पीसी घेताना पहिला प्रश्न कंपनीचा नसतोच, पहिला प्रश्न गेमचा असतो, कारण एका गेमला २०१६ चं ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं तयार करणारा पार्ट) पुरतं आणि दुसऱ्याला ८५ हजारांची मशीनही कमी पडते. म्हणून आज संध्याकाळी त्याला कागद द्या आणि येत्या वर्षभरात खेळायचे पाच गेम लिहायला सांगा. आठवीतल्या पोरांच्या यादीत बहुतेक वेळा व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, फोर्टनाइट असं काहीतरी निघतं, आणि ही सगळी हलकी मंडळी आहेत. व्हॅलोरंटचंच घ्या, सेकंदाला १४४ च्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं, हव्या असतील तर त्या कंपनीने स्वतः सुचवलेलं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, म्हणजे २०१६ मधलं बेसिक कार्ड. त्या गेमसाठी ८५ हजारांच्या मशीनची गरज नाही, आणि साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर जोडला तर तो पडद्यावर सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार, मागे कार्ड कितीही ताकदीचं असो.

आता जीटीए ६ बद्दल. तो १९ नोव्हेंबर २०२६ ला येणार असं जाहीर झालंय, पण ते प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी. पीसीवर कधी येणार याची तारीखच जाहीर नाही. ज्या गेमचं पीसीवर काय लागणार हेच अजून सांगितलेलं नाही त्याच्यासाठी आज ३० हजार जास्त घालण्यात अर्थ नाही, हे त्याला नीट समजावून सांगा, तेरा वर्षांच्या मुलाला हे कळतं. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, जीटीए ५ चं युरोपातलं वयाचं रेटिंग १८ आहे आणि या मालिकेचा विषयच मोठ्यांसाठीचा आहे. व्हॅलोरंटला तिथे १६ आणि अमेरिकेत १३ च्या वरचं रेटिंग आहे, माइनक्राफ्टच्या मूळ गेमला युरोपात ७. हे आकडे गेमच्या पानावर लिहिलेले असतात, पण आपण सिनेमाचं सर्टिफिकेट बघतो तसं ते कोणी बघतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की आठवीत जीटीए नको, मित्रांकडे सगळे खेळत असले तरी. तुम्ही हे ठरवलंत की मशीनची गरजही आपोआप खाली येते.

मामांच्या २४ हजारांच्या सेटबद्दल जरा लांबलचक लिहावं लागेल, कारण असे सेट आपल्या बर्डीच्या बाजारापासून इंटरनेटवरच्या मोठ्या साइट्सपर्यंत सगळीकडे विकले जातायत आणि चांगली माणसं चांगल्या हेतूने ते घेतायत. मामांचा यात काही दोष नाही, त्यांनी स्वस्तात चांगलं मिळवून देण्याचाच प्रयत्न केलाय. पण ‘आय सेव्हन’ हे प्रोसेसरचं अर्धवट नाव आहे. आय सेव्हन २६०० हा प्रोसेसर २०११ चा आहे, ३७७० हा २०१२ चा, ४७७० हा २०१३ चा, आणि २४ हजारांत मॉनिटरसकट सेट मिळत असेल तर आत बहुतेक यातलाच एखादा असणार. हे प्रोसेसर ऑफिसांच्या जुन्या मशीनमधून काढलेले, त्यावर नवीन बनवलेला स्वस्त मदरबोर्ड, जुन्या पद्धतीची डीडीआर३ रॅम, आणि बाहेरून काचेचं कॅबिनेट रंगीत लाइटच्या फॅनसकट. २०२२ मध्ये आलेला आय थ्री १२१०० हा नावाने ‘लहान’ असला तरी गेममध्ये त्या जुन्या आय सेव्हनच्या बराच पुढे आहे. आकडा ३, ५, ७ नुसता बघायचा नाही, त्याच्या मागचे चार-पाच अंक बघायचे, १२१०० मधले पहिले दोन अंक म्हणजे बारावी पिढी, २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी.

नुसतं जुनं असतं तरी मी म्हटलं असतं की बजेट कमी आहे तर चालवून घ्या. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या मशीनवर उलटसुलट मार्गाने विंडोज ११ टाकून देतात खरं, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट स्वतःच टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरक्षेचीच आणखी एक सोय) चालू आहे का ते तपासतो आणि नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी पोरगा इतके दिवस मागे लागलाय तोच गेम नवीन मशीनवर उघडणार नाही, आणि दुकानदार म्हणेल मशीन तर व्यवस्थित चालू आहे.

आणि ते ‘४ जीबी ग्राफिक्स’. याने सगळ्यात जास्त लोक फसतात. जीबी म्हणजे कार्डावरची मेमरी, ताकद नव्हे. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आहे, ते ४ जीबीमध्येही मिळतं, आणि आजच्या प्रोसेसरच्या आतच असलेले ग्राफिक्स त्याच्याहून सरस असतात. लहान इंजिनाला मोठी टाकी बसवली म्हणून गाडी जोरात पळत नाही, तसंच. आरएक्स ५८० सारखी जुनी पण दमदार कार्डंही अशा सेटमध्ये देतात, त्यात एक धोका असा की ही कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला रात्रंदिवस जुंपलेली होती, सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद पडल्यावर ढिगाने बाजारात आली आणि आजही रंगरंगोटी करून फिरतात. ज्याला कार्ड उघडून साफ करता येतं, पेस्ट बदलता येते त्याने घ्यावं, पहिल्यांदा पीसी घेणाऱ्या घराने घेऊ नये.

म्हणून मामांना राग येणार नाही अशा पद्धतीने एवढंच विचारा की प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कार्ड, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), एसएसडी (गेम साठवायची डिस्क) या सहा गोष्टींची पूर्ण नावं दुकानदाराकडून व्हॉट्सॲपवर मागवून द्या. जो दुकानदार पूर्ण नावं लिहून देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, ओळखीचा असला तरी. माझ्या या सगळ्या उत्तरातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणत्या कंपनीचा तयार पीसी. असेंबल केलेलं बिघडतं आणि कंपनीचं टिकतं ही समजूत जुन्या काळातली आहे, तेव्हा असेंबल म्हणजे मिळेल तो पार्ट लावून दिलेला डबा असायचा. आज चांगल्या दुकानात जोडलेल्या पीसीतल्या प्रत्येक पार्टला त्या त्या कंपनीची वेगळी वॉरंटी असते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला साधारण ३ वर्षं, रॅमला बहुतेक वेळा त्याहून बरीच जास्त. तयार ब्रँडेड टॉवरला बऱ्याचदा एकच वर्ष असतं, वाढवायची तर वेगळे पैसे. ब्रँडेडची खरी जमेची बाजू दोन ठिकाणी आहे, अस्सल विंडोज सोबत येतं आणि बिघडलं तर माणूस घरी येतो. ज्या घरात कोणालाच कॅबिनेट उघडायची हिंमत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती हलकी धरत नाही.

पण तुमच्या ५५ हजारांत, मॉनिटर वगैरे धरून, मोठ्या कंपनीचा खरा गेमिंग टॉवर बसणं अवघड आहे. त्या पैशात शोरूमवाला जो दाखवेल तो ऑफिसचा डेस्कटॉप असेल, बारीक कॅबिनेट, आत १८०-२०० वॉटचा स्वतःच्याच मापाचा पॉवर सप्लाय, आणि पुढे ग्राफिक्स कार्ड लावायला गेलं की ना जागा ना वीज. मदरबोर्डही काही वेळा खास मापाचा, त्यामुळे नुसतं कॅबिनेट बदलूनही भागत नाही. बाकी इंटरनेटवरून मागवायचे रेडी गेमिंग पीसी असतात, त्यातले काही खरंच प्रामाणिक असतात, पण जड कार्ड लावलेला डबा कुरिअरमध्ये आदळत येतो आणि काही झालं तर अख्खा परत पाठवायचा, पोरगा पंधरा-वीस दिवस वाट बघत बसणार. नागपुरात राहून हा त्रास कशाला घ्यायचा, बर्डीवर कॉम्प्युटरची इतकी दुकानं आहेत. तीन दुकानांत जा, तीच यादी तिघांना द्या, तीन कोटेशन घ्या, आणि बिघडलं तर डबा गाडीवर मागे धरून तासाभरात दुकानात नेता येतो. तेव्हा तुमच्यासाठी ‘तयार पीसी’ म्हणजे बर्डीच्या दुकानदाराने तुमच्या यादीप्रमाणे जोडून, चालवून, तपासून दिलेला पीसी.

यादी कशी असावी ते सांगते. आधी ५५ हजारांतून बाहेरच्या वस्तू वजा करा, कारण यूट्यूबवाले डब्याची किंमत सांगतात आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, यूपीएस हे विसरतात. २४ इंची फुल एचडी, १०० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर, साधा पण वायरवाला कीबोर्ड-माउस, आणि ६०० व्हीएचा यूपीएस धरून १३-१४ हजार बाजूला जातातच. मॉनिटर घरच्या टीव्हीवर भागवता येतो, पण मग रोज संध्याकाळी रिमोटवरून भांडण, तर ते नकोच. उरले ४१-४२ हजार. यात मुलाला वाटतंय तसं मोठं कार्ड येणार नाही, आणि मी तुम्हाला एक थोडा वेगळा रस्ता सुचवते, आत्ता कार्ड घेऊच नका. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या ज्याच्या आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहेत. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स यावर फुल एचडीत छान चालतात, फोर्टनाइट सेटिंग कमी करून. आणि जे पैसे वाचतील ते एसएमपीएस आणि कॅबिनेटमध्ये घाला, म्हणजे दोन वर्षांनी, दहावी झाल्यावर, त्याच डब्यात कार्ड सरळ बसेल.

दुसरा पर्याय आहे आय थ्री १२१००एफ आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड. कार्डाचा जोर अर्थात वेगळाच. हे कार्ड ७० वॉटचंच आहे म्हणून त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, आपल्या उन्हाळ्याला हे बरंच. पण ३०५० नावाची दोन कार्डं आहेत, २०२२ चं ८ जीबीवालं आणि २०२४ चं ६ जीबीवालं, आणि दुसरं पहिल्याहून कमजोर आहे, म्हणून किंमतही त्याप्रमाणे कमी असायला हवी. अजून एक, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतातच, कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी. तुमच्या बजेटमध्ये हा सेट ओढूनताणून बसतो, आणि मग कोपरे एसएमपीएस किंवा एसएसडीमध्ये कापले जातात, म्हणून मी पहिल्याच्या बाजूने आहे. दुकानदाराने दोन्हीचं कोटेशन दिलं आणि फरक दोन-तीन हजारांचाच निघाला तर मात्र कार्डवाला घ्या.

भाव आज काय ते दुकानातच विचारा, मी इथे पार्टनिहाय आकडे मुद्दाम देत नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव फार चढले. एआयची मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत, मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपला माल तिकडे वळवतायत, आणि त्याची झळ बर्डीवर रॅम घेणाऱ्यापर्यंत पोचते. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा यूट्यूब व्हिडिओ दाखवून ‘एवढ्यातच द्या’ म्हणून दुकानदाराशी भांडू नका. पण महाग झाली म्हणून रॅमची एकच काडी घेण्याची चूकही करू नका, विशेषतः कार्डाशिवाय घेताना. आतले ग्राफिक्स रॅमच वापरतात, एकच १६ जीबीची काडी लावली तर वाट अर्धी होते आणि गेम अडखळतो, ८-८ च्या दोन लावल्या की तोच प्रोसेसर वेगळाच वाटतो. पैसे अगदीच कमी पडले तर रंगीत लाइट, काचेचा दरवाजा, गेमिंग खुर्ची, मेकॅनिकल कीबोर्ड हे सगळं आधी काढा. एसएसडी ५०० जीबी चालेल, मोठे गेम एकेक १०० जीबीचे असतात पण ती जागा पुढे वाढवता येते.

एसएमपीएसवर मात्र मी अडून बसेन. दुकानात ‘५०० वॉट’ लिहिलेला एक स्वस्त डबा मिळतो, कॅबिनेटसोबत फुकटही देतात, तो घ्यायचा नाही. बाकी सगळे पार्ट याच्यातून वीज पितात आणि हा जळाला तर सोबत दोघा-तिघांना घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ लिहिलेला ५५० वॉटचा घ्या, पुढच्या कार्डालाही तोच पुरेल. आणि पीसी ज्या प्लगला लावणार तिथे अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या, जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. घरातल्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच साध्या इन्व्हर्टरला वीज गेल्यावर बदलायला जो क्षण लागतो त्यात पीसी बंद पडतो. यूपीएस लागतोच. वादळ-विजा सुरू झाल्या की प्लग काढायचा, ही सवय पोराला पहिल्या दिवसापासून लावा.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा असतो, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे पोरगा मशीन सगळ्यात जास्त वापरणार ते बरोबर याच दिवसांत. खोली १० अंशांनी तापली की आतले पार्टही साधारण तेवढेच वर जातात, आणि एका मर्यादेनंतर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग ‘पीसी हँग होतो’ म्हणून तक्रार. त्यामुळे कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, काचेचं बंद तोंड असलेलं नको, दोन फॅन समोर एक मागे. जुन्या कॉम्प्युटर टेबलमध्ये डब्यासाठी कप्पा असतो, त्यात कोंडू नका, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. कूलरच्या थेट झोतात तर अजिबात नको. कूलरची हवा ओली असते, बारीक तुषार आणि बोअरच्या पाण्याचे क्षार घेऊन येते, आणि नागपूरची धूळ त्यावर चिकटली की फॅनवर लेप बसतो. कूलर खोलीत असू द्या, तोंड दुसरीकडे करा. मार्चमध्ये आणि पावसाळ्याआधी एकदा ब्लोअरने आतून साफ करा, फॅन बोटाने धरून ठेवून. विजेच्या बिलाची भीती असेल तर कार्डाशिवायचा हा सेट मॉनिटरसकट खेळताना दीडशे वॉटच्या आसपास घेईल, रोज दोन तास खेळला तर महिन्याला ९ युनिट. तुमचा कूलर याहून कितीतरी जास्त खातो.

मुलाच्या बाबांना लॅपटॉप हवाय, त्यांचाही विचार करू. त्यांचा मुद्दा अभ्यासाचा आहे आणि तो रास्त आहे. पण इंजिनीअरिंगला अजून चार वर्षांहून जास्त वेळ आहे, आज घेतलेला लॅपटॉप तेव्हा म्हातारा झालेला असेल, बॅटरी गेलेली असेल, आणि त्यात बदलता काय येतं, फार तर रॅम आणि एसएसडी. शिवाय त्याच पैशातला लॅपटॉप या डेस्कटॉपपेक्षा अभ्यासालाही जास्त काही करणार नाही. प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, कोडिंग, ब्लेंडरमध्ये थ्रीडी काढणं (ते पूर्ण फुकट आहे), व्हिडिओ जोडणं, सगळं या पीसीवर होतं, ‘गेमिंग’ हे नाव फक्त विकणाऱ्यांनी चिकटवलंय. आणि मला आईच्या जागी उभं राहून जास्त पटतं ते हे, की लॅपटॉप बेडरूममध्ये जातो, पांघरुणात जातो, डेस्कटॉप जिथे ठेवला तिथेच राहतो. हॉलमध्ये ठेवा, पडदा सगळ्यांना दिसेल असा. त्यांच्याशी बोलताना ‘गेमिंग पीसी’ म्हणू नका, यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि कुठला पार्ट अभ्यासाला काय कामाचा ते मुलालाच समजावून सांगू द्या. लहान दोन खोल्यांचं घर असेल, किंवा मुलगा होस्टेलवर जाणार असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे मी लॅपटॉपच सुचवला असता.

‘पीसी दिला तर मोबाइल सोडतो’ यावर तो आज मनापासून बोलतोय, तरी हा करार करू नका. पीसी आला म्हणून मोबाइल आपोआप सुटत नाही, दोन्ही सुरू राहतात, आणि मग तुम्हाला वाटतं त्याने शब्द मोडला, त्याला वाटतं आई सारखी टोचते. मार्कांचीही अट घालू नका, ९० टक्के आले तर घेऊ म्हणून. ८७ आले तर काय करणार, सांगा. त्यापेक्षा रोजच्या वेळा आधीच ठरवा आणि कागदावर लिहा, शाळेच्या दिवशी किती, रविवारी किती, परीक्षेच्या आधी किती. यात त्याचं म्हणणं ऐका, कारण व्हॅलोरंटचा एक सामना ३०-४० मिनिटं चालतो आणि मध्येच उठला तर बाकी चार जण हरतात, गेम त्याला शिक्षा पण देतो. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ यावरून घराघरात जी रडारड होते तिचं निम्मं कारण हे आहे. ‘हा सामना शेवटचा’ असा नियम ठेवला की दोघांनाही पाळता येतो.

विंडोजमध्ये त्याचं खातं मायक्रोसॉफ्टच्या फॅमिलीमध्ये मुलाचं खातं म्हणून उघडा, वेळेची मर्यादा आणि वयाप्रमाणे गेम तिथेच लावता येतात. पासवर्ड तुमच्याकडे. ही सेटिंग त्याच्या पाठीमागे करू नका, शेजारी बसवून करा. यूपीआय किंवा कार्ड कुठल्याच गेमला जोडून ठेवू नका, बंदुकीची स्किन म्हणून हजार-दीड हजार जातात आणि महिना संपल्यावर कळतं. चोरीचे गेम टोरंटवरून उतरवणं पूर्ण बंद, त्यातून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि तुमचं नेटबँकिंग उद्या त्याच मशीनवर असेल. फुकट गेम हवेत तर एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला कायदेशीरपणे देतं, त्याला ते माहीत असेलच. आणि अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅट सुरुवातीला बंद, शाळेतल्या मित्रांचा ग्रुप तेवढा चालू. कोणी फोटो, पत्ता, ओटीपी मागितला तर रागावणार नाही, फक्त येऊन सांग, हे आत्ताच बोलून ठेवा.

ज्यांचं बजेट ३० हजारांच्या आत आहे अशाही खूप आया हे वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठी. नवीन घेण्याच्या हट्टात ‘आय सेव्हन फुल सेट’कडे जाऊ नका. ऑफिसांतून निघालेले, आठव्या पिढीचे आय फाइव्ह ८५०० वाले ब्रँडेड डेस्कटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे जुने पण दुरुस्त करून विकलेले, मिळतात, त्यात सहा कोअर आहेत, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, हलके गेम चालतात. कॅबिनेट मोठं असलेला बघा म्हणजे पुढे एखादं छोटं कार्ड बसेल, आणि दुकानाची निदान ६ महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या.

ताई, दुकानात जाताना मुलाला सोबत न्या. यादी त्याच्या हातात द्या, दुकानदाराला प्रश्न त्यालाच विचारू द्या, जोडताना उभं राहून बघू द्या. ज्या मुलाने स्वतः रॅम बसताना पाहिली आहे तो पुढे फॅनही साफ करतो आणि उगाच काही डाउनलोडही करत नाही. पैसे टोकन म्हणून थोडे द्या, बाकी मशीन चालू बघितल्यावर. विंडोज सुरू झालं की टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सवर जा, प्रोसेसरचं पूर्ण नाव तिथे दिसतं, रॅमच्या किती जागा भरल्या ते दिसतं आणि तिचा वेगही. ३२०० ची रॅम घेतली असून तिथे २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये एक सेटिंग चालू करायचं राहिलंय, दुकानदाराला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोज ॲक्टिव्हेट आहे की नुसतं टाकून दिलंय तेही विचारा, अस्सल विंडोज हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे लागतात आणि ते कोटेशनमध्येच यायला हवेत. दुकानातच अर्धा तास एखादा गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका. पुढे कधी कार्ड लावलं तर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही, हे आत्ताच त्याला सांगून ठेवा, यात भल्याभल्यांचं कार्ड महिनोन्‌महिने नुसतं बसून राहतं. सगळे रिकामे खोके घरी आणा, वॉरंटीला काही ठिकाणी मागतात. आणि बिल जीएसटीचं पक्कं, त्यावर प्रत्येक पार्टचं नाव आणि सिरियल नंबर वेगवेगळ्या ओळीत. ‘कॉम्प्युटर सेट, नग १’ असं एका ओळीचं बिल दिलं तर पुन्हा बनवून मागा, आणि तोवर उरलेले पैसे देऊ नका.